कारखान्याचे मालक म्हणतात 'वर्डप्रेसच कर'. प्रोसेसवायर पटवायचं कसं?

टिळकवाडीची_वेबवाली

नमस्कार मंडळी. बेळगावात एकटीच वेबसाइटची कामं करते. गिऱ्हाईक म्हणजे क्रेडिट सोसायट्या, दोन-चार शाळा आणि उद्यमबाग-मच्छे पट्ट्यातले छोटे कारखाने. सध्या एका कामात गाडी अडली आहे, म्हणून विचारते. जरा लांबण लागेल.

उद्यमबागेत कास्टिंग आणि मशिनिंगचा एक कारखाना आहे. मालक साठीच्या पुढचे. मुलगा पुण्यात शिकून आला, आता धंद्यात बसतो. 'आमच्याविषयी' आणि 'संपर्क' असली दोन पानांची साइट त्यांना नकोच आहे. पार्टांची पूर्ण यादी हवी: ड्रॉइंग नंबर, मटेरियलचा ग्रेड (एफजी २६०, एसजी ५००/७ वगैरे), कच्च्या कास्टिंगचं वजन, मशिनिंगनंतरचं वजन, पंपाला लागतो की व्हॉल्व्हला की ट्रॅक्टरला. बघणाऱ्याला ती चाळता आली पाहिजे, म्हणजे 'एसजी आयर्न, पाच ते वीस किलो, व्हॉल्व्ह बॉडी' एवढं निवडलं की तेवढेच पार्ट समोर यावेत.

वर तीन भाषा. इंग्रजी परदेशातल्या ग्राहकांसाठी. मराठी पान हा मालकांचा हट्ट, कन्नड पान हा मुलाचा. दोघांचंही बरोबर आहे. कामगार निम्मे बैलहोंगल-सौंदत्तीकडचे, आणि २०२४ पासून पाटीवर साठ टक्के कन्नड आलेलंच आहे, मग साइटवर का नको, असं मुलाचं म्हणणं.

असलं काम मला प्रोसेसवायरमध्ये करायला आवडतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: वेबसाइट बांधायची, २०१० पासून असलेली मुक्त स्रोत प्रणाली आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालते, त्यामुळे वर्डप्रेसला लागतं तेच साधं होस्टिंग पुरतं. आपल्याला हवे ते रकाने आपण बांधायचे. एकच रकाना तीन भाषांत भरायची सोय मुळातच आहे, त्यासाठी बाहेरून काही विकत आणावं लागत नाही. भरणाऱ्या माणसाला फक्त त्याचे रकाने दिसतात, बाकी पसारा नाही. आणि दिसायला काही लादत नाही, पान कसं हवं ते मी ठरवते.

हे सगळं मीटिंगमध्ये सांगितलं. मुलानं ऐकता ऐकता फोनवर शोधलं आणि म्हणाला, "मॅडम, हे नाव मी कधी ऐकलं नाही. बेळगावात हे कोण करतं?" मी म्हटलं, "मी करते." मालक हसले. म्हणाले, "हे बघ बाळ, मी सीएनसी घेताना कंट्रोल फानुकचाच घेतो. दुसरे वाईट असतात म्हणून नव्हे. माझा ऑपरेटर उद्या दोन हजार जास्त मिळतात म्हणून शिनोळीला पळाला, तर परवा मला दुसरा मिळाला पाहिजे."

यावर मला काही सुचलं नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

त्यात त्यांचा आधीचा अनुभव वाईट. पहिली साइट एका मुलानं करून दिली, तो पुढे बेंगळूरला नोकरीला गेला, फोन उचलेना. डोमेन त्याच्याच नावावर. शेवटी नवीन नाव घ्यावं लागलं आणि छापलेली व्हिजिटिंग कार्डं सगळी रद्दीत गेली.

आता सांगा, हे काम वर्डप्रेसमध्येच करून मोकळी होऊ, की पटवायचा काही मार्ग आहे? मला वर्डप्रेस येतं. पण पार्ट, ग्रेड, वजन आणि तीन भाषा हे सगळं वेगवेगळ्या प्लगिनांवर (वरून जोडायच्या तुकड्यांवर) टांगायचं, आणि मग दर महिन्याला कुठलं अपडेट कशाला नडतंय ते बघत बसायचं, याचा कंटाळा आहे.

निपाणी_एक्स्प्रेस

ताई, नाव सांगायचंच कशाला? मी तंबाखू व्यापाऱ्यांच्या साइट करतो. आजवर एकानंही विचारलं नाही की आत काय आहे. फोटो मोठा दिसतोय का, फोन नंबर वर आहे का, व्हॉट्सॲपचं बटण हिरवं आहे का, संपलं. 'आपली स्वतःची सिस्टीम आहे' म्हणायचं आणि पुढं जायचं.

कॅम्पातला_जुना

निपाणीकर, तुमचं गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून तुमचं चालतंय. इथं मुलानं नाव विचारलंय, ते फोनवर शोधलंय, आता काय लपवणार? शिवाय लपवलेलं नाव ज्या दिवशी साइट बंद पडते नेमकं त्याच दिवशी बाहेर येतं.

वेबवाली ताई, तुमचं उत्तर खरं होतं. पण मालकांना जी भीती आहे तिचं नावच तुम्ही त्यांना सांगितलंत. प्रोसेसवायर चांगलं की वाईट यात त्यांना काडीचा रस नाही. "तू नसलीस तर?" एवढा एकच प्रश्न आहे, आणि तो त्यांनी फानुकचं नाव घेऊन सभ्यपणे विचारला. बहुभाषिक रकाने, मुक्त स्रोत, हलकं, वेगवान, यातलं कुठलंच त्याचं उत्तर नाही.

मी या धंद्यात फ्लॅशच्या काळापासून आहे. दार उघडून आत लोगो फिरत येतो असल्या इंट्रोचे मी पैसे घेतलेत, आणि तेव्हा गिऱ्हाईक स्वतः मागून घ्यायचं. अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं. साइट बांधायच्या गूगलच्या अँग्युलरजेएस या साधनाचा आधार २०२१ सरता सरता संपला. वर्डप्रेसमध्येसुद्धा २०२४ च्या ऑक्टोबरात काय झालं बघा. जास्तीचे रकाने बांधायला निम्मी दुनिया जे प्लगिन वापरते, त्याची वर्डप्रेस डॉट ऑर्गवरची जागा रातोरात दुसऱ्या नावाच्या प्लगिनला गेली. ट्रेडमार्कचं भांडण मोठ्यांचं आणि फोन आम्हाला. तेव्हा मोठं नाव म्हणजे जन्माची हमी नव्हे, हे खरं. पण हा मुद्दा त्या मालकांसमोर चुकूनही काढू नका. ते लगेच म्हणतील, मोठ्यांचं असं होतं तर तुझ्या धाकट्याचं काय? आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल. प्रोसेसवायरचा मूळ कर्ता एकच माणूस आहे, रायन क्रेमर, आजही गाभ्याचं बहुतेक काम तोच करतो. मुलगा हेही शोधेल. त्याच्याआधी तुम्हीच सांगा.

वर्डप्रेसला नावं ठेवू नका. जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात. मुलाच्या पुण्यातल्या मित्रांच्या साइटही त्यावरच असणार. त्याला नावं ठेवलीत की तो मित्रांची बाजू घेणार, आणि मग बोलणं तुमच्या हातून गेलं.

मग करायचं काय? दुसरा माणूस शोधायचा. खराखुरा. प्रोसेसवायर येणाराच पाहिजे असं नाही, बरं पीएचपी येणारा पुरे. तुमच्या पानांचे साचे साध्या पीएचपीत आहेत, ते वाचता येणारे इथं कमी नाहीत. व्हीटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या गावात, आजूबाजूला इंजिनिअरिंग कॉलेजं, पीएचपी येणारं कुणी मिळणार नाही असं होत नाही. त्या माणसाला चार पानांची हस्तांतराची टिपणी आणि बॅकअपची फाइल द्या आणि सांगा: दुसऱ्या होस्टिंगवर हे उभं कर, मग पार्टाला एक नवा रकाना जोड. तुम्ही गप्प बसा. तो जिथं अडेल ती तुमच्या टिपणीतली भोकं. ती बुजवा आणि मग मालकांकडे जा. "मी नसले तर हा" असं म्हणायला माणूस समोर पाहिजे.

डोमेन कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ईमेलवर. होस्टिंगचं बिल कंपनीच्या जीएसटी नंबरावर. हे तुम्ही करतच असाल, पण त्यांना ते कागदावर दिसू दे. ज्याचे हात एकदा पोळलेत तो कागद वाचतो.

आणि दाखवायला न्याल तेव्हा त्यांचेच वीसेक पार्ट भरून न्या, आणि माउस मालकांच्या हातात देऊ नका, मुलाच्याही नाही. डिस्पॅचचा किंवा स्टोअरचा जो माणूस रोज ही माहिती भरणार आहे त्याला बसवा. त्यानं कुणाला न विचारता एक पार्ट भरला की अर्धं काम झालं.

चिकोडी_वर्डप्रेसवाला

मी वर्डप्रेसवाला, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

तुम्ही सांगितलेलं सगळं वर्डप्रेसमध्ये होतं. पार्टांसाठी वेगळा पोस्ट टाइप (नोंदींचा प्रकार), जास्तीच्या रकान्यांचं एक प्लगिन, भाषांसाठी पॉलिलँग नावाचं प्लगिन. शिस्तीनं केलं तर चार-पाच प्लगिनांत भागतं. लोक तीस-तीस प्लगिनं लावतात, थीम फुकटात कुठून तरी उचलतात, वर्षभर अपडेट करत नाहीत आणि मग म्हणतात वर्डप्रेस हॅक होतं. हल्ले येतात हे खरं, पण ते सगळ्यांवरच येतात. प्रोसेसवायरच्या साइटचे लॉग उघडून बघा, तिथंही वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधत रोबो येऊन गेलेले दिसतील.

एक कबूल. वर्डप्रेसच्या गाभ्यात बहुभाषिक सोय अजून नाही. पानं लिहायच्या नव्या एडिटरची योजना आखली तेव्हा ती चौथ्या टप्प्यात टाकली, आणि आपण अजून तिसऱ्यातच आहोत. तीन भाषा आणि प्रत्येक पार्टाला आठ-दहा रकाने म्हटलं की कटकट वाढते, हे मी स्वतः भोगतो.

पण ताई, खरा प्रश्न वेगळा आहे. 'मला आवडतं', 'मला कंटाळा आहे' असं तुम्ही लिहिलंय. तुमची आवड आणि तुमचा कंटाळा, दोन्ही त्यांच्या खर्चानं का? दोन्हीची कोटेशनं वेगवेगळी काढा. पहिल्या वर्षाचा खर्च आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा देखभालीचा खर्च, प्रामाणिकपणे. आकडे काढल्यावर वर्डप्रेस स्वस्त पडलं तर वर्डप्रेस करा. नाही पडलं तर तुम्हाला पटवायला शब्द लागणारच नाहीत.

उद्या ते म्हणाले की साइटवरच ऑर्डर आणि पैसे घ्यायचेत, तर मात्र सरळ वूकॉमर्सला, म्हणजे वर्डप्रेसच्या दुकानाच्या प्लगिनला या. तिथं हौस नको.

मच्छेचा_टर्नर

मी वेबसाइटवाला नाही. मुलगी हे वाचत होती, तिनं दाखवलं. माझं मच्छेत छोटं मशीन शॉप आहे. त्या मालकांचं फानुकचं बोलणं वाचलं आणि म्हटलं लिहावं.

ते बोलले ते शंभर टक्के खरं. पण मी एकदा दुसऱ्या कंट्रोलचं मशीन घेतलंय, आणि ते आजही चालतंय. का घेतलं सांगतो. विकणारा आला तो कॅटलॉग घेऊन आलाच नाही. त्यानं हुबळीतल्या एका ऑपरेटरचा नंबर दिला. मालकाचा नव्हे, ऑपरेटरचा. म्हणाला, ह्याला विचारा, शिव्या घालत असेल तर घेऊ नका. मग माझ्या दोन पोरांना शिकवलं. एकाला शिकवून भागत नाही, तो एक जातोच. आणि मशीन बसवलं त्या दिवशी पॅरामीटरचा बॅकअप कार्डावर काढून दिला, वर छापील कागदांची फाइल.

हे शेवटचं महत्त्वाचं. कंट्रोलच्या आतली बॅटरी उतरली आणि कुणी लक्ष दिलं नाही की पॅरामीटर पुसून जातात. मग वीस-पंचवीस लाखाचं मशीन नुसतं लोखंड. प्रत्येक कारखानदाराला हे माहीत आहे. तुमच्या मालकांना विचारा, काका, तुमचा पॅरामीटर बॅकअप कुठं असतो? ते ड्रॉवर उघडून दाखवतील. मग तुमचा बॅकअप त्याच ड्रॉवरमध्ये ठेवायला द्या. जास्त समजावू नका.

आणखी एक. मुलानं वडिलांसमोर प्रश्न विचारला. पुण्याहून शिकून आलाय, घरात अजून शब्दाला वजन यायचंय. तुम्ही "मी करते" म्हटलं, वडील हसले, तिथं तोही वडिलांच्या बाजूनं हसला असणार. पुढच्या मीटिंगच्या आधी त्याला एकट्याला भेटा आणि त्याचे सगळे प्रश्न तिथं संपवा. आमच्या धंद्यात बापाला विकायचं असेल तर आधी लेकाला पटवावं लागतं, आणि सही मात्र बापाचीच.

टिळकवाडीची_वेबवाली

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मध्ये बरंच घडलं.

आधी चिकोडीकरांचं बोलणं झोंबलं, मग दोन कोटेशनं काढायला बसले. पहिल्या वर्षाचा खर्च वर्डप्रेसचा कमी आला, थोडा नव्हे, बराच कमी. देखभाल धरली की तिसऱ्या वर्षाच्या आसपास दोन्ही सारखे होतात. तसंच्या तसं लिहिलं. काही झाकलं नाही.

मच्छेच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे मुलाला गोवावेसला चहाला बोलावलं. तिथं तो वेगळाच माणूस निघाला. त्याला वर्डप्रेसचं काही पडलेलं नव्हतंच. त्याला भीती होती की साइटचं काम त्याच्या आग्रहामुळे सुरू झालंय, फसलं तर वडील आयुष्यभर ऐकवतील. रायन क्रेमरबद्दल मी आपणहून सांगितलं, एकटा माणूस, एवढी वर्षं, सगळं मुक्त परवान्याखाली, उद्या त्यानं सोडलं तरी आहे ते चालत राहील, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या दुसऱ्या कुणाला तरी कराव्या लागतील. तो म्हणाला, "हे पप्पांना असंच सांगा, गोड करून सांगू नका."

दुसरा माणूस खानापूरचा मिळाला. कॉलेजात शिकवतो, पीएचपी चांगलं येतं, प्रोसेसवायर कधी उघडलेलं नव्हतं. माझ्या टिपणीवरून एका संध्याकाळी त्यानं साइट दुसऱ्या होस्टिंगवर उभी केली. अडला तो मला वाटलं तिथं नाहीच. बाकी सगळं नीट, पण ॲडमिनच्या लॉगिन पानाचा पत्ता काय आहे तेच मी कुठं लिहिलेलं नव्हतं. प्रोसेसवायरमध्ये तो बसवताना आपण ठरवतो, त्यामुळे अंदाजानं सापडत नाही. वाईट माणसांसाठी चांगलं, खानापूरच्या माणसासाठी वाईट.

मग मीटिंग. स्टोअरच्या माणसाला बसवलं, त्यानं पंपाच्या इम्पेलरचा पार्ट भरला, कन्नड रकाना स्वतःच भरला, मराठी रकान्यापाशी आल्यावर मालकांकडे बघितलं. मालकांनी नाव सांगितलं, त्यानं टाइप केलं. मालक खूश दिसले, पण बोलले नाहीत. ड्रॉवरचं विचारलं तर ड्रॉवर नव्हता, कपाट निघालं. त्यात पॅरामीटरची कार्डं पाकिटात घालून, मशीनचं नाव लिहून ठेवलेली. मी बॅकअपची पेनड्राइव्ह पुढे केली. ती त्यांनी त्याच कपाटात ठेवली.

मग त्यांनी खानापूरच्या माणसाकडे बघून एकच प्रश्न विचारला. "ह्याला पैसे कोण देणार?"

मी म्हटलं, मी देईन, माझ्या देखभालीच्या रकमेतून. मला वाटलं हे ऐकून बरं वाटेल. ते म्हणाले, "मग तो तुझा माणूस झाला की. तुझं आणि त्याचं बिनसलं तर? मी देतो. वर्षाला त्याचं थोडं वेगळं, तुझं वेगळं. दोघांची बिलं माझ्याकडे वेगवेगळी यायची." माझ्या रकमेतून तेवढे कापले, हे वेगळं सांगायला नको.

काम मिळालं आहे, प्रोसेसवायरमध्येच. अट अशी की शेवटचा हप्ता खानापूरच्या माणसानं त्यांच्या ऑफिसात बसून, माझ्याशिवाय, बॅकअपवरून साइट उभी करून दाखवल्यावर. आधी साठ पार्ट, मग बाकीचे. निपाणीकर, बटण हिरवंच ठेवलंय.

आता नवीन दुखणं. मराठी मजकूर गणपत गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडून आलाय, सगळा श्रीलिपी या जुन्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरात. कन्नड मजकूर तसल्याच नुडीत, तोही जुन्या फॉन्टात. युनिकोड, म्हणजे वेबवर सगळीकडे दिसणारी अक्षरं, कुणाचंच नाही. नव्यानं टाइप करून घ्यायचा की कन्व्हर्टर चालतात?

कॅम्पातला_जुना

मालकांनी तुमच्यापेक्षा चांगला करार केला. मीही आता माझ्या कोटेशनात दुसऱ्या माणसाचं बिल वेगळं दाखवणार.

कन्व्हर्टर चालतात, पण डोळे झाकून नाही. श्रीलिपीच्या बाबतीत आधी डीटीपीवाल्याला नेमका कुठला फॉन्ट वापरला ते विचारा, चुकीचा निवडलात तर सगळा मजकूर कचरा होऊन येतो. बरोबर निवडलात तरी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार तपासा. 'कार्य', 'वर्ष', 'स्थिती' असे शब्द शोधून बघितले की पाच मिनिटांत कळतं. नुडीत अर्कावत्तु (कन्नडमधला रफार) आणि ओत्तक्षरं (जोडाक्षरांतली खाली लागणारी अक्षरं) जागा बदलतात. ते तुम्हाला दिसणार नाही, कन्नड वाचणाऱ्यालाच दिसेल, तेव्हा त्या स्टोअरच्या माणसाकडूनच तपासून घ्या. आकडे मात्र कन्व्हर्टरमधून नेऊच नका. वजनं आणि ड्रॉइंग नंबर एक्सेलमधून थेट घ्या, नाहीतर एखाद्या पार्टाचं वजन भलतंच छापलं जाईल आणि जर्मनीहून मेल येईल.

मराठी पानाला भाषेचा कोड 'एमआर' द्यायला विसरू नका. फॉन्टात सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. मालक ते नक्की ओळखतील.

चिकोडी_वर्डप्रेसवाला

अभिनंदन ताई. त्या खानापूरच्या सरांना वर्डप्रेस येतं का, तेवढं विचारून सांगा. मलाही एक दुसरा माणूस पाहिजे.